चित्रपुस्तक, ठसे आणि चाळीस मुलांचा वर्ग: जगातील लोककलांवरचा पहिला चित्रप्रकल्प कसा घ्यावा

प्राथमिक शाळेत चित्रकलेच्या तासिका बहुधा वर्गशिक्षकाकडेच असतात आणि त्याने कलेचे शिक्षण घेतलेले असतेच असे नाही. वर्षाच्या सुरुवातीला नियोजनात ‘जगातील लोककला’ असा एखादा मोघम विषय येतो, इंटरनेटवर शोधल्यावर शेकडो रंगीत छायाचित्रे दिसतात, आणि त्यांतले सगळ्यांत सोपे दिसणारे चित्र फळ्यावर काढून मुलांकडून उतरवून घेतले जाते. त्यातून चाळीस सारखी चित्रे तयार होतात. पण ती कला कोणाची, ती का केली जाते आणि तिचा आपल्याशी काय संबंध, हे एकाही मुलाला सांगता येत नाही. हा लेख तिसरी-चौथीच्या वर्गासाठी असा प्रकल्प प्रथमच हाती घेणाऱ्या शिक्षकांसाठी आणि शाळेत मदतीला येणाऱ्या पालकांसाठी आहे. मी अनेक वर्षे हे प्रकल्प घेत आलो आहे आणि त्यांतून एकच सूत्र पक्के झाले आहे: तंत्र त्या लोकांकडून शिकावे, त्यांचे नाव घेऊन शिकावे, आणि चित्राचा विषय मात्र मुलांच्या स्वतःच्या आयुष्यातला असावा. पुढील सर्व पायऱ्या या सूत्राला धरून आहेत. नमुना म्हणून घाना देशातील आसांते लोकांच्या आदिंक्रा छपाईचा, म्हणजे अर्थ असलेल्या खुणांचे ठसे कापडावर उमटवण्याचा, प्रकल्प सविस्तर दिला आहे.

१. आधी लोकसमूह नेमका ठरवा

‘आफ्रिकन कला’ असा विषय घेऊ नये. आफ्रिका खंडात ५४ देश आहेत आणि एकाच देशातही निरनिराळ्या लोकांच्या कलापरंपरा निरनिराळ्या असतात. आपल्याकडे वारली आणि मधुबनी यांना ‘आशियाई कला’ म्हणून एकाच पानावर बसवले तर जसे खटकेल, तसेच हेही आहे. म्हणून नियोजनात ‘पश्चिम आफ्रिकेतील घाना देश, आसांते लोक, आदिंक्रा छापाचे कापड’ इतके नेमके लिहा. नाव नेमके असले की माहिती शोधणे सोपे जाते आणि नकाशावर बोटही ठेवता येते.

एका प्रकल्पात एकच समूह, एकच गोष्ट आणि एकच तंत्र घ्यावे. एका महिन्यात पाच देश ‘पूर्ण’ करण्याचा मोह अहवालासाठी चांगला असेल, परंतु मुलांच्या लक्षात त्यांतले झेंडेच तेवढे राहतात.

२. गोष्टीचे पुस्तक निवडा

केवळ तंत्राची माहिती दिली तर तिसरीतले मूल पाच मिनिटांत चुळबुळू लागते, म्हणून सुरुवात गोष्टीने करावी. आसांते लोकांच्या लोककथांचा नायक आहे आनांसी नावाचा कोळी. तो लबाड, खादाड आणि हुशार असल्यामुळे मुलांना लगेच आवडतो. या कथांपैकी एक कथा जेराल्ड मॅकडरमॉट या अमेरिकन चित्रकाराने ‘आनांसी द स्पायडर’ या १९७२ साली निघालेल्या चित्रपुस्तकात सांगितली आहे. संकटात सापडलेल्या आनांसीला त्याचे सहा मुलगे आपापल्या खास कौशल्याने वाचवतात. एकाला संकट दुरून दिसते, दुसरा रस्ता बांधतो, तिसरा नदी पिऊन टाकतो. पुढे आनांसीला रानात प्रकाशाचा एक गोळा सापडतो, तो कोणत्या मुलाला बक्षीस द्यावा हे त्याला ठरवता येत नाही आणि शेवटी आकाशदेव न्यामे तो गोळा आकाशात ठेवून देतो. तोच चंद्र. पुस्तक मिळाले नाही तरी कथा तोंडी सांगता येते; मुळात ती तोंडीच सांगितली जात असे.

पुस्तक निवडताना ते कोणी केले आहे हे अवश्य पाहावे. बाहेरच्या माणसाने आदराने सांगितलेली गोष्ट वर्ज्य नाही, पण त्या समाजातल्याच कलावंतांनी केलेले पुस्तक मिळत असेल तर त्याला पहिला मान द्यावा. भारतात याचे उत्तम उदाहरण म्हणजे चेन्नईच्या तारा बुक्सने २००६ साली काढलेले ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या तिघा गोंड कलावंतांची त्यात चित्रे आहेत आणि काळ्या कागदावर ती हाताने छापलेली आहेत. ज्यांना पुस्तकासाठी खर्च करणे शक्य नाही त्यांनी प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ पाहावे. तेथे मराठीतलीही चित्रपुस्तके विनामूल्य वाचता येतात आणि मुद्रित करून वापरता येतात. इतर प्रकाशकांच्या पुस्तकाच्या चाळीस झेरॉक्स प्रती काढणे मात्र टाळावे. पुस्तक हातात धरून, पान मुलांकडे वळवून वाचणे कायद्याच्या दृष्टीनेही बरे आणि मुलांच्या दृष्टीनेही.

३. कागदोपत्री तयारी

रंगांचे प्रकल्प अडतात ते बहुतेक वेळा डागांमुळे आणि अचानक मागितलेल्या पैशांमुळे. म्हणून निदान आठवडाभर आधी पुढील गोष्टी पूर्ण कराव्यात.

- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, त्यात तासिकांच्या तारखा आणि सामूहिक साहित्याचा अंदाजे खर्च.
- पालकांना चिठ्ठी: कोणत्या दिवशी जुना सदरा किंवा बाबांचा जुना शर्ट द्यायचा, घरून कोणते टाकाऊ साहित्य आणायचे, आणि मुलाला एखाद्या रंगाची किंवा गोंदाची ॲलर्जी असल्यास कळवावे अशी विनंती.
- मुलांची छायाचित्रे शाळेच्या समूहावर किंवा बाहेर टाकायची असल्यास पालकांची स्वतंत्र संमती. ही बाब पुष्कळ ठिकाणी गृहीत धरली जाते. ती धरू नये.
- ठशांच्या तासिकेसाठी दोन पालकांची मदत. एकट्या शिक्षकाने चाळीस मुलांची छपाई सांभाळणे शक्य असते, पण त्यात शिकवणे उरत नाही.

४. साहित्य

- मांजरपाट, सुमारे २ मीटर. आधी धुऊन खळ काढून टाकावी आणि इस्त्री करावी; खळ राहिली तर रंग कापडात मुरत नाही. कापड परवडत नसल्यास जाड क्राफ्ट पेपर चालतो.
- फोम शीट, २ मिलिमीटर किंवा त्याहून जाड. रबरी चपलेचा जुना, धुतलेला तळही उत्तम चालतो, मात्र तो शिक्षकांनी कापावा.
- ठशाच्या पाठीसाठी ५ सेंटिमीटर बाजूचे जाड पुठ्ठ्याचे चौकोन, प्रत्येक मुलास दोन.
- फेव्हिकॉल, बोथट टोकाच्या कात्र्या, पेन्सिली.
- कापडासाठी फॅब्रिक रंग, कागदासाठी पोस्टर कलर. काळा आणि गडद तपकिरी एवढे दोनच पुरेत.
- जुने स्पंज, पसरट झाकणे किंवा स्टीलच्या ताटल्या, रद्दी वर्तमानपत्रे, ओली फडकी, पाण्याच्या दोन बादल्या.

परदेशी मार्गदर्शिकांत ठशांसाठी थर्माकोलच्या ताटल्या वापरायला सांगतात. महाराष्ट्रात २०१८ च्या अधिसूचनेने अशा ताटल्यांवर बंदी आहे, तेव्हा त्या नादी लागू नये. बटाट्याचा ठसा हा जुना मार्ग उपलब्ध असतोच, पण त्याच्या दोन अडचणी आहेत: सुरी मुलांच्या हातात देता येत नाही, आणि कापलेला बटाटा पाणी सोडत असल्यामुळे पहिले काही छाप पुसट येतात. बटाटाच वापरायचा असेल तर काप फडक्यावर उलटे टाकून दहा मिनिटे सुकू द्यावेत.

५. पहिली तासिका: गोष्ट आणि नकाशा

पस्तीस मिनिटांपैकी वीस मिनिटे गोष्ट सांगावी. त्या दिवशी रंगांच्या बाटल्या वर्गात आणूही नयेत, कारण बाटली दिसली की कान बंद होतात. गोष्टीनंतर जगाच्या नकाशावर घाना दाखवावा, कुमासी हे आसांते राज्याच्या राजधानीचे शहर दाखवावे, आणि कुमासीजवळच्या न्तोन्सो या गावात आजही कारागीर आदिंक्रा कापड छापतात हे सांगावे. ‘आजही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. घानामध्ये मोबाइल, महामार्ग आणि आपल्यासारख्याच भरलेल्या शाळा आहेत; केवळ झोपडीचे आणि वाघ-सिंहांचे चित्र दाखवून पाठ संपवला तर मुलांची समजूत आधीपेक्षा चुकीची होते. वाघ तर आफ्रिकेच्या जंगलात नसतोच, आणि वर्गातले एखादे मूल हे बरोबर सांगते.

तासिकेच्या शेवटी एकच प्रश्न द्यावा: आनांसीच्या सहा मुलांसारखे तुमच्या घरात कोणाला काय विशेष जमते? उत्तरे वहीत लिहून आणायला सांगावीत. पुढच्या सगळ्या कामाचे बीज या उत्तरांत असते.

६. दुसरी तासिका: खुणा पाहणे आणि स्वतःची खूण काढणे

आदिंक्रा कापडावरची प्रत्येक खूण एखादा विचार सांगते. मेंढ्याची वळलेली शिंगे बळ आणि नम्रता एकत्र दाखवतात. लाकडी फणी स्वच्छता आणि निगा यांची खूण आहे. मान मागे वळवलेला पक्षी, ज्याला सांकोफा म्हणतात, तो मागे राहिलेले परत जाऊन आणण्यात गैर नाही असे सुचवतो. कोळ्याचे जाळे शहाणपणासाठी असते, आणि आनांसीची गोष्ट ऐकलेल्या मुलांना ते का हे सांगावे लागत नाही. मुलांना सर्वांत जास्त आवडते ती एकच पोट असलेल्या दोन मगरींची खूण: अन्न शेवटी एकाच पोटात जाणार असूनही दोन्ही तोंडे घासासाठी भांडतात. ही खूण फळ्यावर काढली की भावंडांच्या तक्रारींना ऊत येतो. दोन मिनिटे तो येऊ द्यावा.

कापडाबद्दलही थोडे सांगावे. परंपरेने ठसे वाळलेल्या भोपळ्याच्या कवचातून कोरले जातात, बादी नावाच्या झाडाची साल कुटून आणि उकळून दाट काळपट रंग तयार करतात, आणि फणीसारखे साधन रंगात बुडवून कापडावर समांतर रेषा ओढून चौकोन आखतात. मग प्रत्येक चौकोनात एकच खूण ओळीने छापली जाते. गडद रंगाची आदिंक्रा वस्त्रे मुख्यतः अंत्यविधीच्या वेळी नेसतात, हेही लपवू नये. मृत माणसाला निरोप देताना त्याच्यासाठी काही सांगणारे कापड अंगावर घ्यावे, ही कल्पना आठ वर्षांच्या मुलाला कळते. उपलब्ध असलेल्या जुन्या कापडांपैकी एक १८१७ साली थॉमस बाउडिच या इंग्रजाने मिळवलेले असून ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते कापड तेथे का, असा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला तर त्यासाठी वेळ काढावा.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. आसांते खुणा मुलांकडून उतरवून घेऊ नयेत. ‘ग्ये न्यामे’ ही देवाचे श्रेष्ठत्व सांगणारी खूण इंटरनेटवर सर्वांत आधी सापडते आणि सजावट म्हणून कुठेही छापली जाते; तिचा अर्थ सांगावा, पण ठसा करायला देऊ नये. मुलांनी आपल्या वहीतली उत्तरे उघडावीत आणि घरातल्या माणसाच्या गुणासाठी स्वतःची खूण शोधावी. आजी पहाटे उठून सर्वांआधी चूल किंवा गॅस पेटवते, तर खूण काय असेल? पहिला विचार बहुतेक मुलांचा आजीचा चेहरा काढण्याचा असतो. चेहरा न काढता आजी कशी दाखवता येईल, असे विचारत राहावे. मग कोणी किटली काढते, कोणी चष्मा, कोणी नुसती वाकडी ज्योत. रिक्षा चालवणाऱ्या वडिलांसाठी एका मुलीने तीन चाके एकमेकांत गुंतवली होती. ही खूण तिला आखून देऊ शकेल असा शिक्षक मला माहीत नाही.

खूण ठरल्यावर ती ५ सेंटिमीटरच्या चौकोनात, जाड आकारांत काढायला सांगावी. बारीक रेषा ठशात टिकत नाहीत. नियम सोपा आहे: पेन्सिलीच्या जाडीपेक्षा बारीक काहीही नको, आणि खुणेत तीनपेक्षा जास्त तुकडे नकोत.

७. तिसरी तासिका: ठसा

कागदावरची खूण कापून फोम शीटवर ठेवावी, कडेने पेन्सिल फिरवावी, फोम कापावा आणि पुठ्ठ्याच्या चौकोनावर चिकटवावा. दुसऱ्या चौकोनाची पट्टी दुमडून मागे मूठ म्हणून लावावी. फेव्हिकॉल पातळ लावावा. तो कडेने बाहेर आला तर वाळल्यावर त्याचाही छाप उमटतो. ठसे रात्रभर वजनाखाली ठेवणे आवश्यक आहे, म्हणून ठसा आणि छपाई एकाच दिवशी उरकण्याचा विचार करू नये.

येथे एक हमखास होणारा घोटाळा आहे. ठशातून आकृती उलटी उमटते. दोन्ही बाजूंनी सारख्या, म्हणजे सममित, आकृतीला फरक पडत नाही, पण कोणी अक्षर घेतले असेल किंवा पक्षी विशिष्ट दिशेला पाहणारा हवा असेल तर फोम चिकटवण्यापूर्वी तो पालथा करावा लागतो. हे आधी सांगून उपयोग होत नाही. खोडरबरावर पेनने ‘क’ लिहून लगेच कागदावर दाबून दाखवावा, म्हणजे वर्गाला एकदाच कळते.

८. चौथी तासिका: छपाई

कापडावर शिक्षकांनी आधीच १८ सेंटिमीटर बाजूचे चौकोन आखून ठेवावेत. आडवे पाच आणि उभे आठ घेतले की चाळीस मुलांना प्रत्येकी एक चौकोन मिळतो आणि कापड ९० बाय १४४ सेंटिमीटरचे होते. मांजरपाटाचा पन्हा दुकानागणिक बदलतो, तेव्हा मोजमाप कापड धुतल्यानंतरच करावे. रेषा काळ्या रंगात जुन्या कंगव्याने ओढता आल्या तर मूळ पद्धतीच्या जवळ जाता येते. चौथीची मुले हे काम आनंदाने करतात.

बाके बाजूला सारून जमिनीवर वर्तमानपत्रांचे चार-पाच थर अंथरावेत आणि त्यावर कापड ताणून कडा चिकटपट्टीने धराव्यात. खाली मऊ थर नसेल तर ठशाचा मधला भाग उमटत नाही. रंग साईच्या दह्याइतका दाट असावा. तो थेट ठशावर ओतू नये. ताटलीत ओला पिळलेला स्पंज ठेवून त्यावर रंग पसरावा आणि ठसा त्या स्पंजावर टेकवावा.

मुलांना एका वेळी पाच जण असे बोलवावे. बाकीच्यांनी तोपर्यंत आपल्या खुणेविषयी चार-पाच ओळी लिहाव्यात. प्रत्येकाने रद्दी कागदावर दोन छाप काढून पाहावेत आणि मगच कापडावर यावे. एका चौकोनात तीन ओळींत नऊ छाप बसतात. दर छापाला पुन्हा रंग घ्यावा, ठसा सरळ टेकवावा, तळहाताने मनात पाच अंक मोजेपर्यंत दाबावा आणि सरळ वर उचलावा. घसटला की कडा पसरतात. छाप थोडे पुसट-गडद आले तर ते पुन्हा गिरवू देऊ नका. न्तोन्सोमधल्या हातछपाईतही असा फरक दिसतो आणि कापड हाताने केल्याची ती ओळख आहे.

फॅब्रिक रंग एक दिवस वाळू द्यावा आणि कापडाच्या उलट बाजूने गरम इस्त्री फिरवावी. ठसे वापरल्यावर पाण्यात बुडवून ठेवू नयेत, पुठ्ठा सुटतो. ओल्या फडक्याने पुसावेत.

९. कमी वेळात घेता येतील असे आणखी दोन प्रकल्प

दोनच तासिका हाती असतील तर एरिक कार्ल यांच्या पद्धतीचे कागदी चिकटकाम घ्यावे. ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ हे त्यांचे १९६९ चे पुस्तक बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते, पण त्यातली चित्रे रंगवून काढलेली नसून आधी रंगवलेल्या पातळ कागदांतून आकार कापून चिकटवलेली आहेत हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पहिल्या तासिकेत मुलांनी कोणतेही चित्र न काढता नुसते कागद रंगवावेत: ओल्या रंगावरून कंगवा ओढावा, जुन्या टूथब्रशने शिंतोडे उडवावेत. दुसऱ्या तासिकेत त्याच कागदांतून आकार कापावेत. चाळीस हिरव्या अळ्या करून घेऊ नयेत. पुस्तकातली अळी सफरचंद, नाशपाती, स्ट्रॉबेरी खाते. तुमच्या गावची अळी करवंद, जांभूळ, सीताफळ खाईल, आणि कढीपत्त्यावर किंवा लिंबावर खरी अळी सापडली तर तासिका तेथेच भरवावी.

दुसरा प्रकल्प मेक्सिकोतील पापेल पिकादो, म्हणजे पातळ रंगीत कागदाच्या कोरीव पताकांचा. प्वेब्ला राज्यातील वीक्सकोलोत्ला गावचे कारागीर कागदांचा गठ्ठा एकावर एक ठेवून छिन्नीने कोरतात. वर्गात आपला पतंगी कागद चार घड्या घालून कात्रीने कापला तरी पुरते. गणपतीच्या पताकांची सवय असलेल्या मुलांना ते चटकन जमते. १ आणि २ नोव्हेंबरच्या मृतस्मरणाच्या सणात अशा पताका लावतात, म्हणून कवट्या दिसल्या की त्याला ‘हॅलोविन’ म्हणण्याची चूक होते. तो सण वेगळा आहे.

१०. काय घेऊ नये

ऑस्ट्रेलियातील आदिवासींची ठिपक्यांची चित्रे शाळांत सर्रास करून घेतली जातात, कारण इअरबड आणि रंग एवढेच साहित्य लागते. परंतु त्या चित्रांतील अनेक खुणा विशिष्ट कुळांच्या पवित्र कथांशी बांधलेल्या असतात आणि त्या कोणी रंगवाव्यात याचे त्या समाजात नियम आहेत. १९७१ साली मध्य ऑस्ट्रेलियातील पापुन्या या वस्तीत ही चित्रे प्रथम फलकांवर येऊ लागली, तेव्हाही कोणती खूण उघड करावी यावरून समाजातच वाद झाला होता. अशी चित्रे मुलांना दाखवावीत, चित्रकारांची नावे सांगावीत, पण नक्कल करायला देऊ नयेत. अमेरिकेतील मूलनिवासींचे पिसांचे मुकुट कागदात करणे हाही तसाच प्रकार आहे. ती पिसे मानाने मिळवायची असतात.

हाच विचार घराजवळही लागू होतो. वारली चित्रांतला लग्नचौक विवाहविधीचा भाग आहे, तो सुवासिनी लिहितात आणि त्यात पालघाट देवी असते. तारपा नाच किंवा शेतीची कामे यांपासून शिकावे, जिव्या सोमा मशे यांची चित्रे दाखवावीत, आणि चौक तेवढा सोडून द्यावा. तुमच्या वर्गात वारली घरातले मूल असेल तर त्याच्या घरी आधी विचारावे.

११. मांडणी आणि नोंद

कापड व्हरांड्यात दोरीवर लावताना शेजारी एक फलक असावा: घाना, आसांते लोक, न्तोन्सो गाव, भोपळ्याच्या ठशांची मूळ पद्धत, आणि आपण वापरलेले साहित्य. ‘आदिंक्रा कापड’ असे लिहू नये; ‘आदिंक्रा छपाईवरून शिकून केलेले आमच्या वर्गाचे कापड’ असे लिहावे. त्याखाली मुलांच्या चार-चार ओळींच्या चिठ्ठ्या चौकोनांच्या क्रमाने लावाव्यात, म्हणजे पाहणाऱ्याला कोणती खूण कोणाची हे सापडते. मूल्यमापनाच्या नोंदीत छाप किती सुबक आले याला फार महत्त्व देऊ नका. मुलाने खूण कशी बदलत नेली हे पाहा, आणि त्यासाठी दुसऱ्या तासिकेतले कच्चे कागद फेकून न देता तारीख घालून धारिकेत लावून ठेवा. कापड पालकसभेनंतर घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून, कपाटात वरच्या खणात, वाळवीपासून दूर ठेवावे.